सड्यापर्यंत डांबरी रस्ता करावा का? जाणकारांनी मत द्यावे

सड्याखालचा (जावळी, सातारा)

सर्वांना नमस्कार. आमचे गाव जावळी तालुक्यात एका डोंगरसोंडेखाली आहे. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण कोणीतरी ते लिहिल्यामुळेच आमच्यावर ही वेळ आली आहे. गावाच्या डोक्यावर जांभ्या दगडाचा एक सडा, म्हणजे सपाट कातळाचे पठार आहे. कास पठाराच्या मानाने तो अगदीच लहान, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला वीस मिनिटे पुरतात; पण भाद्रपदात त्याच्यावर तेरडा, गेंद, सीतेची आसवे आणि सोनकी एकामागून एक अशी उमलतात की गुरे राखणारा पोरगाही काठी टेकून घटकाभर उभा राहतो. हे आम्हांला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते आणि त्याचे विशेष काही वाटतही नव्हते. गेल्या वर्षी गणपतीच्या सुट्टीत कोणीतरी त्याची रील काढून गावाच्या नावानिशी टाकली. पुढच्या रविवारी गावच्या पोरांनी शाळेपुढे बसून मोजल्या, तेव्हा दुपारपर्यंत एकशे चाळीस चारचाकी गाड्या वर गेल्या होत्या.

वर जाणारा अडीच किलोमीटरचा रस्ता कच्चा आहे. पावसाळ्यात त्यात चाके रुततात, म्हणून त्या दिवशी बऱ्याच गाड्यांनी रस्ता सोडून बाजूच्या कातळावरून वाट काढली. त्या चाकोऱ्या अजून तशाच आहेत. त्यांत पाणी साचून राहते आणि या वर्षी त्या पट्ट्यात एकही फूल आलेले नाही.

आता याच रस्त्याचे डांबरीकरण मंजूर होण्याच्या बेतात आहे आणि ग्रामपंचायतीचा ठराव मागितला आहे. मी पंचायतीचा सदस्य आहे. गावात सरळ दोन तट पडले आहेत. एका तटाचे म्हणणे असे की रस्ता झाला म्हणजे चहा-भजीच्या टपऱ्या चालतील, घरगुती मुक्कामाची सोय करता येईल आणि मुंबईला माथाडीत राबणारी चार पोरे परत येतील. दुसरा तट म्हणतो की रस्ता झाला की दोन वर्षांत सडा संपेल, आणि मग गाड्याही यायच्या थांबतील. मी मनाने दुसऱ्या तटात आहे, परंतु एक गोष्ट मला गप्प करते. सड्याच्या पलीकडच्या टोकाला अकरा उंबऱ्यांचा धनगरवाडा आहे. जुलैत तेथील एका बाईला कळा सुरू झाल्या, तेव्हा चौघांनी झोळी करून तिला चिखलातून खाली आणले. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, ही देवाची कृपा. त्या चौघांपैकी एक मी होतो. मी कोणत्या तोंडाने रस्त्याला विरोध करू?

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय येणार आहे. सड्याचा काही भाग वनखात्याचा आहे आणि काही मालकीचा. रस्ता घेतला, तर पर्यटकांच्या गाड्या गावातच थांबवता येतील का? कुंपण, तिकीट, रोजच्या संख्येची मर्यादा यांचा ज्यांना प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनी कृपया लिहावे.

शिट्टीवाला (सातारा)

दादा, मी कास पठारावर सहा हंगाम काम केले आहे. कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांच्या समितीने वनखात्याबरोबर व्यवस्था हाती घेतली, तेव्हापासून गळ्यात शिट्टी अडकवून उभा राहणाऱ्या पोरांपैकी मी एक. त्यामुळे पुस्तकातले सांगणार नाही, पाहिलेले सांगतो.

पश्चिम घाटातील ३९ स्थळांना २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांत महाराष्ट्रातील चार होती आणि कास त्यांपैकी एक. मान मिळाला आणि गर्दी फुटली. मग कुंपण आले, तिकीट आले, दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा आली, ऑनलाइन नोंदणी आली. यांतील प्रत्येक उपायाचा उपयोग झाला, आणि प्रत्येकाची एक गोची आमच्या नंतर लक्षात आली.

कुंपणाचे आधी सांगतो. माणसे आत घुसू नयेत म्हणून जाळी लावली, पण तिने गुरांनाही बाहेर ठेवले. गुरे थांबली तसे गवत माजले आणि खालच्या ठेंगण्या फुलांना ऊन मिळेना, असे गावातील जाणती माणसे पहिल्यापासून म्हणत होती. यावर बराच वाद झाला आणि पुढे ती जाळी काढावी लागली. तेव्हा कुंपणाच्या नादाला लागू नका.

मर्यादेचे असे आहे की तीन हजार हा आकडा कागदावर एकच असला, तरी जमिनीवर तो एकसारखा पडत नाही. मंगळवारी सकाळी आठला आलेली माणसे आणि रविवारी साडेअकराला आलेली माणसे यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. मला विचाराल तर पठाराचे सर्वांत जास्त नुकसान चालणाऱ्यांनी केले नाही, बसणाऱ्यांनी केले. एखादी बाई किंवा एखादे जोडपे फोटोसाठी फुलांत बसते. उठल्यावर तेथे घमेल्याएवढा एक गोल राहतो, त्यातील तेरडा आडवा झालेला असतो. पुढच्या माणसाला वाटते, येथे आधीच मोडले आहे, मग येथेच बसावे, म्हणजे नवीन काही मोडणार नाही. त्याचा हेतू चांगला असतो, पण त्याच्या शेजारी त्याचा मित्र बसतो आणि गोल परातीएवढा होतो. संध्याकाळी आम्ही पठारावरून फिरायचो तेव्हा असे गोल मोजायचो. सहा वाजेपर्यंत काही ठिकाणी नुसता चिखल उरलेला असे. त्यावर शिट्टी हाच एक उपाय. पाटीने काही होत नाही. पाटीला टेकून फोटो काढतात.

तिकिटाच्या बाबतीत एकच सांगणे आहे. पैशांचा हिशेब दर महिन्याला चावडीवर लावा. गावातली भांडणे फुलांवरून होत नाहीत, पावती-पुस्तकावरून होतात.

आणि गाड्या खालीच थांबवा. आमच्याकडे गाड्या लांब लावून माणसांना मिनी बसने आणायची सोय करावी लागली, ती गाड्या पठाराच्या काठापर्यंत येऊन झालेली खराबी पाहिल्यानंतर. तुम्हांला ती आधीच करता येईल.

जांभा (निवृत्त शिक्षक, सातारा)

वरील अनुभव अत्यंत मोलाचा आहे. मी वनस्पतिशास्त्र शिकवत असे, म्हणून चाकोरीत फुले का आली नाहीत एवढ्याच प्रश्नाविषयी लिहितो. कारण त्याचे उत्तर समजले तर रस्ता कोठे संपवावा हेही आपोआप समजेल.

आपल्या डोंगरांचा मूळ दगड काळा, म्हणजे लाव्हारसाचा. लाखो वर्षांच्या पावसाने त्यातील विरघळणारे घटक वाहून गेले आणि लोह व ॲल्युमिनियम यांनी समृद्ध असा तांबडा, सच्छिद्र जांभा माथ्यावर उरला. त्याच्या पृष्ठभागाची चिलखतासारखी घट्ट तबकडी झाली आहे. तिच्यावरील मातीचा थर बहुतेक ठिकाणी वीतभरही नसतो; कित्येक ठिकाणी दोन बोटे माती आणि खाली थेट कातळ असतो. पावसाळ्यात या मातीत पाणी तुडुंब असते आणि अन्नांश जवळजवळ नसतात. म्हणूनच तेथे मोठी झाडे येत नाहीत आणि म्हणूनच ही छोटी फुले येतात. आपण ज्यांना सीतेची आसवे म्हणतो त्या नाजूक जांभळ्या फुलांच्या मुळांशी बारीक पिशव्या असतात आणि त्या पाण्यातील सूक्ष्म जीव आत ओढून घेतात. दवबिंदू नावाची वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांनी चिलटे धरते. जमीन काही देत नाही, म्हणून या वनस्पती शिकारी झाल्या आहेत. आमच्या जिल्ह्याचे नाव ज्याच्या शास्त्रीय नावात आहे तो वायतुरा, म्हणजे ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस, असाच सड्यांवरच्या साचलेल्या पाण्यात येतो. त्याचा तुरा दोन बोटे फाकवावीत तसा दुभंगलेला असतो. तो या भागातील मोजक्या सड्यांखेरीज इतरत्र आढळत नाही. आपल्या सड्यावर तो आहे का हे एकदा पाहावे. असेल, तर ग्रामसभेत सांगण्यासारखी ती गोष्ट आहे.

आता चाकोरीविषयी. यांतील बहुतेक वनस्पती एका पावसाच्या सोबती आहेत. जूनमध्ये रुजायचे, सप्टेंबरात फुलायचे, ऑक्टोबरात बी टाकून मरायचे. पुढच्या वर्षीचा सगळा सडा त्या दोन बोटे मातीत बियांच्या रूपाने झोपलेला असतो. ओल्या मातीवरून चाक गेले की माती दाबली जाते, बाजूला ढकलली जाते आणि पहिल्या मोठ्या पावसात कातळावरून धुऊन जाते. फुले मोडली तर पुढच्या वर्षी येतात. मातीच गेली तर कोणाच्या हयातीत यायची नाहीत.

एका वर्षी मी नववीच्या मुलांना घेऊन एका सड्यावर गेलो होतो. माझ्याच हलगर्जीपणामुळे वीसएक मुले ओळीने न चालता ओल्या भागातून पसरून धावली. पुढच्या सप्टेंबरात मी एकटाच तेथे गेलो, तेव्हा पांढऱ्या गेंदाच्या गालिच्यात त्या पावलांच्या जागी काळपट खळगे दिसत होते. एका खळग्यात तर बुटाच्या टाचेचा आकार जसाच्या तसा ओळखू येत होता. त्यानंतर मी मुलांना नेत राहिलो, पण नेहमी उघड्या कातळावरून आणि एकामागे एक असे.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की माणसांचे येणे आणि सड्याचे टिकणे यांत वैर नाही. वैर आहे ते ओल्या मातीवर पाय पडण्याशी. उघड्या कातळावरून, ठरलेल्या एकाच मळवाटेने शंभर माणसे गेली तरी चालते. मोकाट सुटलेली दहा माणसे चालत नाहीत. दुसरी गोष्ट अशी की हंगाम फुले दिसेनाशी झाल्यावर संपत नाही. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सडा पिवळा आणि ओसाड दिसतो, मग तेथे तंबू लागतात, शेकोट्या पेटतात, क्रिकेटही खेळले जाते. बी जमिनीवर पडण्याचे दिवस नेमके तेच आहेत. बंदी घालायचीच असेल, तर रात्रीच्या मुक्कामावर आणि आगीवर बारमाही घालावी, आणि ओल्या भागात उतरण्यावर जून ते ऑक्टोबरअखेर.

गुरांविषयी शिट्टीवाला यांनी लिहिले आहे त्याच्याशी मी सहमत आहे. धनगरवाड्याची गुरे हा सड्याचाच भाग आहे.

मिरजेचा भटक्या (सांगली)

मी गेली बावीस वर्षे सह्याद्रीत पायी फिरतो आहे. दांडोबाच्या टेकडीपासून सुरुवात केली, पुढे सातारा-कोल्हापूरचे बहुतेक किल्ले झाले. त्यामुळे या चर्चेतील एक सूर मला खटकतो, तो स्पष्ट लिहितो. कोणत्याही डोंगरावर गर्दी झाली की पहिला परवाना पायी येणाऱ्याला लागतो. पाठीवर पिशवी घेऊन, एसटीने येऊन, गावातल्या एखाद्या घरी पिठले-भाकरी खाऊन परत जाणारा माणूस रांगेत उभा राहून नाव-गाव लिहून देतो. आणि डोंगराचा उतार कापून, कड्याला टेकून पोहण्याचा तलाव असलेला बंगला बांधणाऱ्याला मात्र दारापर्यंत रस्ता मिळतो. महाबळेश्वर-पाचगणीला २००१ सालीच पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केले. तेथे शनिवारी संध्याकाळी वाहनांची रांग कोठपर्यंत लागते हे आपण सगळेच पाहतो. क्षेत्र घोषित करून गाड्या कमी होत नाहीत.

तरीही मी नियमांच्या विरोधात नाही, आणि त्याचे कारण वासोटा आहे. वासोटा कोयना अभयारण्याच्या आत आहे. बामणोलीला वनखात्याचा परवाना काढायचा, शिवसागर जलाशयातून होडीने पलीकडे जायचे, नाक्यावर पिशवी उघडून दाखवायची, दाट जंगलातून चढायचे आणि दिवस मावळायच्या आत परत होडीत बसायचे. मुक्कामाला परवानगी नाही आणि पावसाळ्यात वाट बंद. पहिल्यांदा गेलो तेव्हा या सगळ्याचा मला राग आला होता, कारण ऐन तारुण्यात गडावर चांदण्यात झोपायचे नाही म्हणजे काय! आता वाटते की वासोट्याला परवान्याने जेवढे वाचवले त्याहून अधिक त्या पाण्याने आणि त्या चढाने वाचवले. ज्याला खरोखर जायचे आहे तो जातोच. ज्याला गाडीतून उतरून सात मिनिटांत फोटो काढून निघायचे आहे, तो बामणोलीलाच भजी खाऊन परत फिरतो. दोघेही आनंदात असतात, आणि बामणोलीचाही धंदा होतो.

तुमच्याकडे पाणी नाही, पण अडीच किलोमीटरचा चढ आहे. तो कुंपणापेक्षा चांगला आहे, त्याला रंग द्यावा लागत नाही आणि तो गुरांना अडवत नाही. गाडीतळ गावात ठेवा, वर पायी पाठवा. टपरी गाडीतळावर चालते; चढून-उतरून आलेला माणूस तर दोन प्लेटी जास्त खातो. फक्त एक विनंती आहे. तिकीट लावलेत तर ते गाडीला लावा, माणसाला लावू नका. एसटीने आलेल्या कॉलेजच्या पोरांकडून पैसे घेऊन तुम्ही कोणता डोंगर वाचवणार आहात?

जांभा (निवृत्त शिक्षक, सातारा)

भटक्या यांच्या शेवटच्या वाक्याशी अर्धाच सहमत आहे. माझी नववीची मुले एसटीनेच आली होती.

मिरजेचा भटक्या (सांगली)

सर, मान्य. पोरांना तिकीट नको, पण वाटाड्या सक्तीचा असावा. त्याचे मानधन गाडीतळाच्या पैशांतून द्यावे.

कलम-कसाई (कराड)

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. बाकीचे आपापले वकील नेमून तपासून घ्यावे.

सार्वजनिक रस्त्यावर ग्रामपंचायतीने नुसत्या ठरावाने दांडा आडवा टाकला, तर तो टिकणार नाही. पहिलाच तापट पुणेकर तो उचलायला लावील. मात्र मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ नुसार एखाद्या रस्त्यावर किंवा भागात वाहनांना मनाई किंवा निर्बंध घालता येतो. तो अधिकार राज्य शासनाचा किंवा शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याचा आहे, आणि व्यवहारात असे आदेश जिल्हाधिकाऱ्यांकडून निघतात. एक बारकावा उपयोगाचा आहे. निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त काळाचा नसेल, तर राजपत्रात अधिसूचना आवश्यक नसते. स्थानिक पातळीवर पुरेशी प्रसिद्धी दिली तरी पुरते. म्हणजे ऐन गर्दीच्या चार आठवड्यांसाठी स्थानिक वाहने आणि रुग्णवाहिका वगळून आदेश मागणे ही अगदी माफक मागणी ठरते. पोलीस ठाण्याचे अनुकूल पत्र सोबत जोडावे.

रस्त्याचा जो तुकडा वनजमिनीतून जातो, त्याला वनखात्याची परवानगी लागेलच. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) मध्ये रस्त्यासह काही गावसुविधांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देण्याची तरतूद आहे आणि तिला ग्रामसभेची शिफारस लागते. तुमच्या धनगरवाड्याला ही तरतूद लागू पडते का, हे प्रांत कार्यालयात विचारावे. लागू पडत असेल, तर शिफारस ग्रामसभेची म्हणजे अटीही ग्रामसभेच्या. रस्त्याची रुंदी किती, तो कोठे संपतो, खडी कोठून काढायची, राडारोडा कोठे टाकायचा, हे ठरावातच लिहावे. नंतर सांगू म्हणाल, तर कंत्राटदार सड्यावरच्याच जांभ्याची खडी करील.

वारणेकाठची (वाळवा, सांगली)

मी आतापर्यंत नुसते वाचत होते. माझ्या माहेरच्या माणसांचे मूळ गाव चांदोलीच्या जंगलात होते. ते उठले आणि आम्ही वाळवा तालुक्यातील वसाहतीत आलो. माझा जन्म वसाहतीतलाच, त्यामुळे मी ते गाव नांदते पाहिलेले नाही. १९८५ साली अभयारण्य झाले, २००४ साली राष्ट्रीय उद्यान झाले, २०१० साली कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. सगळे कागद जंगलाच्या बाजूने झाले आणि त्यात चुकीचे काही झाले असे मी म्हणत नाही. अलीकडे ताडोब्याकडची वाघीण तेथे आणून सोडली, ती बातमी माझ्या वडिलांनी मोठ्याने वाचून दाखवली. वाघीण आमच्या शिवारात फिरत असेल, असे ते म्हणाले. त्यांचा आवाज अभिमानाचा होता की आणखी कशाचा, हे मला सांगता येणार नाही.

एकदा परवानगी काढून आम्ही आत गेलो होतो. गाईड पर्यटकांना सांगत होता की हे कुरण नैसर्गिक आहे आणि म्हणून गवे येथे चरायला येतात. वडिलांनी मला हळूच बाजूला नेले आणि गवतात पाय घालून दगडाची एक ओळ दाखवली. तो आमच्या नाचणीच्या वावराचा बांध होता. पलीकडे आंब्याचे एक झाड होते, त्याच्या मालकाचे नावही त्यांना आठवत होते.

हे सांगण्याचा हेतू गळा काढण्याचा नाही. येथे सर्वांनी सडा, फुले, पर्यटक आणि रस्ता यांविषयी फार चांगले लिहिले आहे, परंतु धनगरवाड्यातील कोणाचे म्हणणे काय आहे, हे मूळ प्रश्नातही आलेले नाही. झोळीतून खाली आणलेली बाई आहे, पण तिला विचारले का? गुरे सड्याचा भाग आहेत असे सर म्हणाले, आणि ते खरेच आहे, माणसेही आहेत. मला भीती अशी वाटते की गाड्या थांबवण्यासाठी जो दांडा लावाल, तो आज पर्यटकांसाठी असेल आणि दहा वर्षांनी कोणीतरी साहेब येऊन त्याच दांड्यापाशी धनगरवाड्याच्या माणसाकडे ओळखपत्र मागेल. आमच्याकडे आजी देवाला नारळ फोडायला जाताना ते मागितले गेले होते. तेव्हा ग्रामसभेआधी एक बैठक वर, त्यांच्या अंगणात घ्या. खाली बोलावू नका, तुम्ही वर जा.

सड्याखालचा (जावळी, सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. वारणेकाठची ताई, तुमचे पत्र वाचून मला खरोखर लाज वाटली. दुसऱ्याच दिवशी आम्ही सहा जण वर गेलो. तेथील सर्वांत वयस्क बाबांनी आधी ताक दिले आणि नंतर बोलायला सुरुवात केली. त्यांचे म्हणणे आम्ही धरून चाललो होतो त्यापेक्षा वेगळे निघाले. त्यांना रस्ता हवा आहे, पण सड्यावरून नको. सड्याच्या कडेने, खालच्या अंगाच्या झाडीला धरून त्यांची एक जुनी बैलवाट आहे. ती रुंद केली तर रस्ता सातशे-आठशे मीटरने वाढतो, परंतु पावसात वाहून जात नाही. सड्यावरून रस्ता नेला तर पाणी अडेल आणि खालचा झरा आटेल, हे त्यांनी काठीने जमिनीवर रेघ ओढून दाखवले. वायतुराही त्यांच्याच नातीने दाखवला, सर. दोन बोटे फाकवून. त्यांच्यात त्याला वेगळेच नाव आहे.

ग्रामसभा काल झाली. ती साडेतीन तास चालली, त्यांतला एक तास टपऱ्यांच्या जागांवरून झालेल्या भांडणात गेला. शेवटी ठराव असा झाला की रस्ता मागायचा, पण बैलवाटेने, एकेरी रुंदीचा आणि धनगरवाड्यापाशी संपणारा. सड्यावर खडीसुद्धा टाकायची नाही. गाडीतळ शाळेमागच्या गायरानाच्या तुकड्यात होईल आणि पावती गाडीवर फाडली जाईल. वर जाण्यासाठी कातळावरून एकच मळवाट चुन्याच्या खुणा करून ठरवायची आणि शनिवार-रविवारी तिच्यावर गावची चार पोरे शिट्टी घेऊन उभी राहतील. पुढच्या हंगामासाठी कलम ११५ खालचा अर्ज आताच द्यायचे ठरले. मुक्काम आणि शेकोटी बंद. रोजच्या संख्येची मर्यादा मात्र मंजूर झाली नाही. दहा-बारा जण सोडले तर कोणाचाच हात वर गेला नाही. लांबलेल्या रस्त्याला वाढीव निधी मिळेल का, याची शंका अभियंत्यांनी बोलून दाखवली आहे, त्यामुळे पुढचे वर्षही झोळीतच जाण्याची शक्यता आहे. तोवर एक चाकांची खुर्ची आणि पक्क्या बांबूंचे स्ट्रेचर वाड्यावर ठेवण्यासाठी वर्गणी काढली आहे.

दांड्यावरून अर्धा तास वाद झाला. किल्ली पंचायतीत ठेवावी असे सरपंचांचे मत होते, आणि रात्री-अपरात्री पंचायत कोण उघडणार, असा प्रश्न आला. बाबा तोवर मागे भिंतीला टेकून बसले होते. ते उठले आणि म्हणाले, किल्ली आमच्या दारच्या खुंटीला राहील. ज्याला वर यायचे असेल त्याने खालून फोन करावा, आमचा पोरगा येऊन दांडा उघडेल. सभागृहात हशा पिकला, पण ठरावात शेवटी तसेच लिहिले आहे.